बेतणं

पानेतोनच्या रिकाम्या डब्यात बाराशे सोल.
नाताळचा पाव संपून सात महिने झाले,
नोटांना अजून मनुकांचा वास.
मी वहीत यादी केली
आणि तिसऱ्याच ओळीला ती बाराशेच्या बाहेर गेली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण ज्याच्यावाचून काही हलत नाही
त्या प्रोसेसरला तेराशे एकतीस पाय आहेत.

आधी ग्राफिक्स कार्ड खोडलं.
पेन्सिलीने खोडलं, पेनाने नाही.
स्वतःशी एवढी लबाडी चालते.

विल्सन रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे जिन्याच्या पायऱ्यांवरही केबलींची भेंडोळी विकतात,
एलेउतेरिओ चष्मा कपाळावर ढकलून
येईल त्याला एकच सांगतो:
"पॉवर सप्लायला हात आखडू नकोस, पोरी.
तो दिसत नाही, मिरवता येत नाही,
पण जळताना एकटा जळत नाही."
मला आईचं शिलाई मशीन आठवलं,
त्याला एकदा बसवलेली स्वस्तातली मोटर,
आणि गामार्राच्या त्या बोळात आठवडाभर
रबराचा करपट वास.
एकशे नव्वद मोजून दिले.
बाराशेचे हजार झाले, दहा वर. पोटात गोळा.

मग उरलेल्यातून उरलेलं:
आठ-आठच्या दोन रॅम, एक निळी, एक हिरवी;
बोर्ड, ज्याच्या खोक्यावर भलत्याच बोर्डाचं चित्र;
आणि कॅबिनेट, ज्याला डावी बाजूच नव्हती.
"काच फुटली, म्हणून चाळीस."
मला काच नकोच होती.
नकोच होती, असं मी बसमध्ये दोनदा म्हणाले.

प्रोसेसर वापरलेला, कोपऱ्यातले तीन पाय वाकलेले.
एलेउतेरिओने भिंगाखाली धरून दाखवले, लपवले नाहीत.
"शंभर कमी दे. परत मात्र घेणार नाही."
मी हो म्हटलं तेव्हा
माझ्या डोक्यात आईचे हात होते.
तिला विचारलं नव्हतं.

आई बाह्या जोडत होती.
तिने तो चौकोन तळहातावर घेतला, उजेडात फिरवला,
"मणीकाम आहे," म्हणाली,
आणि डबीतून सगळ्यात बारीक सुई निवडली.
वीस वर्षं लोकांच्या लेकींच्या झग्यांवर तिने मणी लावलेत.
"तू श्वास धर," मला म्हणाली.
एक उभा राहिला. मग दुसरा.
तिसऱ्यापाशी तिने सुई खाली ठेवली.
"आता नाही. दमल्या हाताने शेवटचा टाका घालायचा नसतो."
रात्रभर तो तिच्या चष्म्याच्या घरात झोपला.
मी नाही झोपले.
सकाळी मी दात घासून येईपर्यंत
तिचं काम आटोपलेलं, आणि ती कामाला गेलेली.

रविवारी सगळं जोडलं. शेजारच्या नेरेओचा जुना मॉनिटर.
बटण दाबलं: पंखे फिरले, पडदा काळा.
पाऊण तास काळाच.
दोष सापडला तो हिरव्या रॅममध्ये:
ती नीट बसलीच नव्हती. मी तिला हळुवार दाबलं होतं,
तुटेल म्हणून, महाग म्हणून.
जोर लावला. टक्.

काळ्यावर पांढरी अक्षरं.
"काय म्हणतोय?"
"म्हणतोय, सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही."
"बोलतोय ना पण," आई म्हणाली
आणि आत गेली.

परत आली ती कुणाच्या तरी पंधराव्या वाढदिवसाच्या
झग्याचं उरलेलं गुलाबी नेट घेऊन.
लिमात पाऊस पडत नाही, धूळ मात्र सुट्टी घेत नाही.
उघड्या बाजूवर तिने ते ताणून
चारी कडांना टाचण्या मारल्या.
पंख्याने कापड आत ओढलं,
मधोमध एक खळी पडली.
आई दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली.

"अर्धा इंच जास्त बेतायला हवं होतं."